रुंडी भाषेची शब्दयोगी अव्यये : परक्यांनी लिहिलेल्या एका व्याकरणाचा इतिहास

परभाषा शिकू पाहणारा मनुष्य त्या भाषेत प्रथम आपल्याच भाषेतील शब्दांचे प्रतिशब्द शोधतो. झाड, पाणी, आई, गाय अशा नामांच्या बाबतीत हा शोध बहुधा सफल होतो. 'मध्ये', 'वर', 'कडे', 'पासून', 'साठी' या लहान शब्दांशी येऊन पोहोचले की मात्र तो फसू लागतो. कारण या शब्दांना स्वतःचा असा अर्थ फार थोडा असतो, आणि ते वाक्यात जे काम करतात त्याची वाटणी प्रत्येक भाषेने आपापल्या रीतीने केलेली असते. ही वाटणी परक्याच्या ध्यानात येण्यास किती काळ लागतो, याचे एक बोलके उदाहरण मध्य आफ्रिकेतील बुरुंडी देशाच्या रुंडी भाषेच्या अभ्यासाच्या इतिहासात सापडते. मराठी व्याकरणाच्या इतिहासाशी त्याचे काही बाबतीत साम्य असल्याने आपल्या वाचकांना तो परका वाटणार नाही, असा विश्वास आहे.

बुरुंडी हा टांगानिका सरोवराच्या ईशान्येस वसलेला डोंगराळ देश. या देशाचे लोक आपल्या भाषेला 'किरुंडी' म्हणतात. 'कि' हा भाषेचा उपसर्ग, 'बु' हा देशाचा आणि 'आबा' हा लोकांचा. म्हणून किरुंडी, बुरुंडी आणि आबारुंडी. देशातील जवळजवळ सर्व लोक ही एकच भाषा बोलतात, ही आफ्रिकेत विरळा आढळणारी गोष्ट होय. शेजारच्या रुआंडाची भाषा तिच्या इतकी जवळची आहे की दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांचे बोलणे सहज समजते. या लेखात रुंडी शब्द देवनागरीत दिले आहेत. त्यांतील 'झ' हा 'झाड' या शब्दातल्यासारखा वाचावा. रुंडीत सुरांचे चढउतार अर्थ बदलतात, पण रूढ लेखनात ते दाखवीत नाहीत. येथेही ते दाखविलेले नाहीत.

युरोपीय मिशनरी या प्रदेशात प्रथम आले ते १८७९ साली. 'श्वेत पाद्री' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कॅथलिक संघाचे काही जण सरोवराच्या काठी रुमोंगे येथे राहिले. १८८१ साली त्यांच्यापैकी तिघे मारले गेले आणि तो प्रयत्न संपला. पुढे १८९८ मध्ये पूर्वेकडील मुयागा येथे आणि १८९९ मध्ये मुगेरा येथे त्यांची ठाणी उभी राहिली. देशावर त्या वेळी म्वेझी गिसाबो हा राजा राज्य करीत होता आणि जर्मनांनी पूर्व आफ्रिकेतील आपल्या वसाहतीत या मुलखाचा समावेश केलेला होता. जर्मन कारभाराची भाषा प्रामुख्याने स्वाहिली होती. डोंगराडोंगरांवर विखुरलेल्या कुटुंबांशी बोलावयाचे तर मात्र रुंडीला पर्याय नव्हता, आणि ही गरज अधिकाऱ्यांपेक्षा पाद्र्यांना जास्त होती.

व्हान डेर बुर्ख्ट या डच पाद्र्याने सिद्ध केलेला मोठा कोश १९०३ साली प्रसिद्ध झाला. लोकजीवनावरील विस्तृत टिपणांमुळे तो कोश आजही अभ्यासक उघडून पाहतात. त्याची रचना फ्रेंचकडून रुंडीकडे जाणारी आहे. म्हणजे आधी फ्रेंच शब्द, मग त्याला रुंडी पर्याय. ज्याला काही सांगावयाचे आहे अशा आगंतुकासाठी हा क्रम सोयीचा. त्याच्या मनात वाक्य फ्रेंचमध्ये तयार असते, त्याला फक्त शब्द बदलावयाचे असतात. १९०८ मध्ये मेनार या पाद्र्याचे रुंडी व्याकरण अल्जीयर्स येथे छापले गेले. या पिढीची व्याकरणाची बैठक शाळेत शिकलेल्या लॅटिनची आणि फ्रेंचची होती. ती बैठक घेऊन रुंडीतील स्थानवाचक शब्दांकडे पाहिले म्हणजे काय अडते, ते आता पाहू.

रुंडीत असे मुख्य शब्द तीन : 'मु', 'कु' आणि 'इ'. स्थूलमानाने 'मु' म्हणजे आत, 'कु' म्हणजे वर किंवा एखाद्या ठिकाणाशी, आणि 'इ' हा गावांच्या नावांपूर्वी व काही ठराविक शब्दांपूर्वी येणारा. 'इन्झु' म्हणजे घराची इमारत, 'मु न्झु' म्हणजे घरात. 'उमुसोझि' म्हणजे डोंगर, 'कु मुसोझि' म्हणजे डोंगरावर. 'आमेझा' म्हणजे टेबल, 'कु मेझा' म्हणजे टेबलावर. 'इ गितेगा' म्हणजे गितेगा या गावी. व्यक्तीकडे जावयाचे असेल तर 'क्वा' वापरतात : 'क्वा मुगांगा' म्हणजे वैद्याकडे. येथवर सारे सरळ आहे. 'मु' लागताना नामाचा आरंभीचा स्वर गळतो, एवढे लक्षात ठेवले की पुरे. ('इशुरे' म्हणजे शाळा, यासारख्या काही शब्दांत आरंभीचा स्वर गळत नाही, तेथे 'कु' आणि 'मु' यांचेच रूप बदलून 'क्विशुरे', 'म्विशुरे' असे होते.)

खरी अडचण पुढे आहे. पुढील तीन वाक्ये पाहा.

आरि इ मुहिरा.
यागिये इ मुहिरा.
यावुये इ मुहिरा.

पहिल्याचा अर्थ 'तो घरी आहे', दुसऱ्याचा 'तो घरी गेला', आणि तिसऱ्याचा 'तो घरून निघाला'. ('तो' ऐवजी 'ती' म्हटले तरी चालेल, रुंडी क्रियापदात हा भेद नाही.) तिन्ही वाक्यांत 'इ मुहिरा' हे शब्द जसेच्या तसे आहेत. असणे, जाणे आणि तेथून निघणे हा सारा फरक एकट्या क्रियापदाने सांगितला. फ्रेंच मनुष्याला तिसऱ्या वाक्यात 'पासून' या अर्थाचा स्वतंत्र शब्द हवा असतो, आणि तो त्याला सापडत नाही. मग फ्रेंच शब्दांच्या क्रमाने लावलेल्या यादीत 'मु' हा एकदा 'आत' या अर्थाखाली येतो आणि पुन्हा 'आतून' या अगदी उलट अर्थाखालीही येतो. शिकणाऱ्याला वाटते, ही भाषा ढिसाळ आहे, एकाच शब्दाला परस्परविरोधी अर्थ आहेत. दोष यादीच्या क्रमाचा असतो. 'मु' फक्त जागा सांगतो. त्या जागेशी कर्त्याचा संबंध काय, हे सांगण्याचे काम रुंडीने क्रियापदाकडे सोपविले आहे.

मराठी वाचकाला ही गोष्ट फ्रेंच वाचकापेक्षा लवकर उमगावी. 'तो घरी आहे' आणि 'तो घरी गेला' या दोन वाक्यांत आपणही 'घरी' हेच एक रूप वापरतो. राहणे आणि जाणे यांतील फरक आपण क्रियापदावर सोडतो. 'गावी', 'परदेशी', 'सासरी', 'माहेरी' यांचेही तसेच. निघण्यासाठी मात्र आपण 'घरून', 'गावाहून', 'माहेराहून' अशी निराळी रूपे ठेवली. रुंडी आपल्या पुढे एक पाऊल गेली आणि तिने तिसऱ्या ठिकाणीही तेच रूप चालविले. नामाच्या बदलाचेही असेच. मराठीत शब्दयोगी अव्यय जोडताना नामाचे सामान्यरूप होते. 'घर' चे 'घरा' होऊन मग 'घरावर', 'घरापाशी'. रुंडीत नामाचे डोके बदलते, मराठीत शेपूट. पण जोडणी झाली हे नामाने आपल्या अंगावर दाखवावे, ही सवय दोन्हीकडे आहे.

'मु' आणि 'कु' हे मुळात कोण, याचा उलगडा रुंडीपुरता विचार करून झाला नाही. त्यासाठी तिच्या सर्व बहिणींची तुलना व्हावी लागली. विल्हेल्म ब्लेक या जर्मन विद्वानाने १८६२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील भाषांच्या तुलनात्मक व्याकरणाचा पहिला भाग प्रसिद्ध केला आणि 'बांतू' हे या कुळाचे नाव रूढ केले. कार्ल माइनहोफने १८९९ आणि १९०६ च्या ग्रंथांत ती तुलना पुढे नेली. बांतू भाषांत नामांचे वर्ग असतात आणि प्रत्येक वर्गाचा उपसर्ग असतो. रुंडीत 'न्तु' या एका धातूपासून 'उमुन्तु' म्हणजे माणूस, 'इकिन्तु' म्हणजे वस्तू आणि 'आहान्तु' म्हणजे जागा असे शब्द होतात. माणसांचा वर्ग, वस्तूंचा वर्ग, तसा जागांचाही वर्ग. तुलनेत दिसून आले की 'मु' आणि 'कु' हे मूळचे या जागांच्या वर्गांचे उपसर्ग आहेत. 'मु न्झु' म्हणजे 'घर' या नामाला चिकटलेला 'आत' एवढेच नसून 'घराची आतली जागा' असे ते एक नवे नामच आहे. म्हणून ते वाक्याचा कर्ताही होऊ शकते : 'मु न्झु हारिम्वो आबान्तु', म्हणजे घरात माणसे आहेत. येथे क्रियापदाच्या आरंभीचा 'हा' हा 'आहान्तु' मधलाच, जागेच्या वर्गाचा. आणि शेवटचा 'म्वो' पुन्हा 'आत' असे सांगतो. माणसे अनेक असली तरी क्रियापद त्यांच्याशी जुळत नाही, जागेशी जुळते.

इतर स्थानवाचक शब्दही नामांतून आलेले दिसतात. 'इजुरु' म्हणजे आकाश आणि 'हेजुरु' म्हणजे वर. 'मुन्सि' म्हणजे खाली, यात 'मु' उघड दिसतो आणि पुढचा अंश जमिनीचा आहे. यातही मराठी वाचकाला नवे काही नाही. आपला 'मध्ये' हा संस्कृत 'मध्य' या नामाचाच, 'कडे' हा 'कड' म्हणजे बाजू या शब्दाचा, 'मुळे' हा 'मूळ' चा. शब्दयोगी अव्यये ही बहुधा झिजलेली नामे किंवा क्रियापदे असतात. 'सोडून', 'धरून' ही आपली धातुसाधिते जशी शब्दयोगी झाली, तसेच रुंडीत 'कुवा' (निघणे) आणि 'गुशिका' (पोहोचणे) या क्रियापदांचे झाले. 'कुवा कु वा म्बेरे गुशिका कु वा गातानु' म्हणजे सोमवारपासून शुक्रवारपर्यंत. शब्दशः, पहिल्या दिवशी निघून पाचव्या दिवशी पोहोचणे.

'साठी' या अर्थाचा शब्द शोधणाऱ्याची आणखी एक फजिती होते. 'कुगुरा' म्हणजे विकत घेणे. मुलासाठी पुस्तक घ्यावयाचे असेल तर रुंडी मनुष्य म्हणतो, 'कुगुरिरा उम्वाना इगिताबो'. 'उम्वाना' म्हणजे मूल, 'इगिताबो' म्हणजे पुस्तक. 'साठी' हा अर्थ क्रियापदाच्या पोटात शिरलेल्या 'इर' या प्रत्ययात आहे. 'क्वांदिका' म्हणजे लिहिणे, 'क्वांदिकिरा' म्हणजे कोणाला तरी लिहिणे, 'क्वांदिकिशा' म्हणजे कशाने तरी लिहिणे. फ्रेंचमध्ये जे तीन निराळे शब्द नामापूर्वी येतात, त्यांची जागा येथे क्रियापदाच्या आत आहे. ती नामापाशी शोधणारा रिकाम्या हाताने परत येतो.

पहिले महायुद्ध चालू असताना, १९१६ मध्ये, बेल्जियमने हा प्रदेश जर्मनांकडून घेतला. पुढे राष्ट्रसंघाच्या आणि नंतर संयुक्त राष्ट्रांच्या वतीने तेथे बेल्जियन कारभार चालला. या काळाच्या शेवटी, १९५९ मध्ये, मेउसेन या भाषाशास्त्रज्ञाचे रुंडी व्याकरण बेल्जियममधील तेर्व्हुरेन येथील संग्रहालयाने प्रसिद्ध केले. सुरांसह रुंडीच्या अंगभूत रचनेचे वर्णन करणारा तो पायाचा ग्रंथ होय. १ जुलै १९६२ रोजी देश स्वतंत्र झाला. १९६५ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या संस्थेने अर्ल स्टीव्हिक यांच्या देखरेखीखाली, रुंडी भाषकांच्या साहाय्याने, एक पाठमाला तयार केली. तिच्यात लहान संवाद आणि एकाच साच्याच्या वाक्यांचा सराव यांवर भर होता. 'मु' म्हणजे काय हे विचारण्यापूर्वी 'मु' असलेली अनेक वाक्ये तोंडात बसवावीत, अशी ती रीत. १९७० साली रोदेजेम या पाद्र्याचा कोश तेर्व्हुरेनहूनच निघाला. तो रुंडीकडून फ्रेंचकडे जातो. व्हान डेर बुर्ख्टच्या कोशानंतर ६७ वर्षांनी आलेल्या या कोशात वाचक रुंडी शब्दापासून आरंभ करतो. परक्याला काय म्हणावयाचे आहे, हा पहिल्या कोशाचा प्रश्न होता. तेथील माणूस काय म्हणतो, हा दुसऱ्याचा. ही दिशा फिरल्यावर 'मु' ला दोन विरोधी अर्थ उरत नाहीत. त्याची एक जागा ठरते आणि तिथे त्याचा सारा वापर एकत्र दिसतो.

मराठीने या दोन्ही दिशा पाहिल्या आहेत. विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ चे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, म्हणजे आपल्याकडे मराठी शब्दापासून आरंभ करणारा मोठा कोश आधी आला. इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. त्याउलट व्याकरणाचा साचा मात्र आपण दीर्घकाळ बाहेरून घेतला. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या शास्त्रीय व्याकरणापर्यंत आणि त्यानंतरही, संस्कृताच्या आठ विभक्तींत मराठीची रूपे बसवावीत की नाही, आणि विभक्तिप्रत्यय कोठे संपून शब्दयोगी अव्यय कोठे सुरू होते, हा वाद चालूच राहिला. 'घरात' यातील 'त' प्रत्यय आणि 'घरामध्ये' यातील 'मध्ये' अव्यय, हे सांगताना शिक्षकाची जी तारांबळ उडते, तिचे मूळ या उसन्या साच्यात आहे.

रुंडी आज कोण शिकतो, हा प्रश्न आता केवळ परक्या पाद्र्यांपुरता राहिलेला नाही. १९७३ पासून बुरुंडीत प्राथमिक शाळांच्या रुंडीकरणाचे धोरण आले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७२ मध्ये, देशात भीषण हत्याकांड झाले होते आणि लोकांचे लोंढे टांझानियात गेले होते. कातुंबा, मिशामो आणि उल्यांकुलू येथे त्यांच्या वसाहती झाल्या. १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष मेल्किओर न्दादाये यांच्या हत्येनंतर यादवी युद्ध पेटले आणि निर्वासितांची दुसरी लाट गेली. २००० सालच्या अरुशा करारानंतर अनेक कुटुंबे परतली. १९७२ च्या वसाहतींतील दीड लाखाहून अधिक लोकांना टांझानियाने नागरिकत्व दिले आणि ते तेथेच स्थिरावले. टांझानियाच्या प्राथमिक शाळांचे माध्यम स्वाहिली. तेव्हा आजोबांची भाषा रुंडी आणि नातवाच्या शाळेची भाषा स्वाहिली, अशी घरे तयार झाली. ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या कुटुंबांना हे चित्र ओळखीचे वाटेल, जरी आपल्या पूर्वजांच्या स्थलांतरामागे असे रक्तपात नव्हते.

अशा नातवाला रुंडीची स्थानवाचक रूपे शिकताना कोणती अडचण येईल? स्वाहिलीत 'न्युंबा' म्हणजे घर आणि 'न्युंबानी' म्हणजे घरी. 'युको न्युंबानी', 'अमेएंदा न्युंबानी', 'अमेतोका न्युंबानी' : तो घरी आहे, तो घरी गेला, तो घरून निघाला. खूण नामाच्या शेवटी लागते, आपल्या 'घरी' सारखी. पण तिन्ही वाक्यांत रूप तेच राहते, रुंडीसारखे. म्हणजे या मुलाने खूण शेवटावरून पुढे आणली की काम झाले. क्रियापदाकडे पाहण्याची दृष्टी त्याच्यापाशी आधीच आहे. फ्रेंच व्याकरणाच्या मार्गाने येणाऱ्याला जे शिकण्यास काही दशके लागली, ते शेजारच्या भाषेतून येणाऱ्याला अर्धे अगोदरच येत असते. शब्दही असेच शेजारातून फिरतात. रुंडीत युरोपला 'बुराया' म्हणतात; तो स्वाहिलीच्या 'उलाया' वरून आला आणि 'उलाया' अरबीतून. आपली 'विलायत' त्याच अरबी शब्दाची. 'इ बुराया' म्हणणारा रुंडी माणूस आणि 'विलायतेला' म्हणणारे आपले आजोबा एकाच शब्दाला आपापल्या रीतीने जागा देत होते.

यावरून आपल्या घरांसाठी घेण्यासारखी गोष्ट एकच. भाषा टिकते ती नामांच्या यादीत नव्हे. नामे तर उसनी घेता येतात आणि सर्वच भाषा ती घेतात. ती टिकते या लहान रूपांच्या वाटणीत. हिंदीतील 'घर पर' ला मराठीत 'घरी' हेच उत्तर आहे. 'घरावर' म्हटले तर ऐकणारा छपराकडे पाहील. पुढच्या पिढीला हे शिकवावयाचे असेल तर 'पर म्हणजे वर' अशी यादी हातात देणे म्हणजे १९०३ च्या कोशाची वाट पुन्हा चालणे होय. त्याऐवजी 'घरी आहे, घरी गेला, घरून आला', 'गावी आहे, गावी गेला, गावाहून आला' अशी वाक्यांची जोडणी रोजच्या बोलण्यात ऐकू येत राहिली, तर मुलाला विभक्तीचे नावही ठाऊक नसले तरी चालेल. बुरुंडीच्या डोंगरांवर 'कु मुसोझि' आणि 'इ मुहिरा' मुले आजवर अशीच शिकत आली आहेत. ते लिहून काढण्यास बाहेरच्यांना अर्धशतकाहून अधिक काळ लागला.